मार्का आपला, मालकी कोणाची?

आग्नेय आशियाच्या बाजारात माल पाठवणाऱ्यांसाठी काही कामाच्या गोष्टी

भंडारा जिल्ह्याचे नाव बाहेरच्या बाजारात चार मालांमुळे आहे: तांदूळ, पितळेची भांडी, बिडी आणि कोसा. या चारही धंद्यांत मार्क्याची किंमत काय असते हे आपल्या व्यापारी बांधवांना वेगळे सांगायला नको. बिडीचे गिऱ्हाईक कारखानदाराचे नाव वाचत बसत नाही, बंडलावरचे चित्र पाहते आणि पैसे टाकते. तांदळाच्या कट्ट्यावर कोणत्या मिलचे नाव आहे यावर भाव वरखाली होतो. आमच्या कापडाच्या धंद्यातही तेच. थान उलगडण्याआधी गिऱ्हाईकाची नजर चिठ्ठीवर जाते. मार्का म्हणजे व्यापाऱ्याची जबान. ती एकदा बाजारात चालली की तिच्यावर उधारी मिळते, तिच्यावर माल खपतो आणि तिच्यावरच नकली माल करणाऱ्याचाही डोळा असतो.

इथपर्यंतचा हिशेब सर्वांना पाठ आहे. आज आम्ही जे मांडणार आहोत ते त्यापुढचे आहे. नागपूरच्या निर्यातदारांमार्फत आपल्या भागातला माल मलेशिया, सिंगापूर, इंडोनेशिया, थायलंड या बाजूला पाठवण्याची भाषा आता लहान व्यापारीही करू लागला आहे. नमुने जातात, भाव ठरतो, जहाज सुटते. पण मालावर जो मार्का छापला आहे तो त्या देशात कोणाच्या नावावर आहे, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. पुष्कळांची समजूत अशी की, मुंबईच्या कार्यालयातून ट्रेडमार्कचे सर्टिफिकेट मिळाले म्हणजे दुनियाभरचा बंदोबस्त झाला. ही समजूत चुकीची आहे. मुंबईचे सर्टिफिकेट हिंदुस्थानच्या हद्दीत चालते. समुद्र ओलांडला की त्याची किंमत पुराव्याच्या एका कागदाएवढी उरते.

घरची सवय

आपल्या देशात कायदा व्यापाऱ्याच्या बाजूने एका बाबतीत उदार आहे. मार्का कोणी आधी नोंदवला यापेक्षा तो बाजारात आधी कोणी चालवला, याला इथली कोर्टे जास्त महत्त्व देतात. कापडवाल्यांना जवळचा वाटेल असा दाखला 'राजारानी' या मार्क्याचा आहे. व्हॉइल कापडावरच्या या मार्क्याचे भांडण दिल्ली हायकोर्टात गेले आणि १९७८ साली कोर्टाने आधी वापर करणाऱ्याचा हक्क मोठा मानला. आजच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यातही कलम ३४ मध्ये हेच तत्त्व आहे. हा कायदा १५ सप्टेंबर २००३ पासून लागू झाला. नोंदणी नसली तरी नकली माल विकणाऱ्याविरुद्ध दावा करता येतो. मात्र आपला मार्का बाजारात चालत होता हे बिलांवरून आणि खातेवहीवरून सिद्ध करावे लागते.

या उदारपणाची आपल्याला सवय झाली आहे. बापजाद्यांपासून मार्का चालतो आहे, सारा बाजार ओळखतो, मग सरकारी शिक्का कशाला, असे पुष्कळजण म्हणतात. गावात, जिल्ह्यात, फार तर नागपूरपर्यंत हे चालून जाते. इंडोनेशिया, थायलंड, व्हिएतनाम, फिलिपीन्स, कंबोडिया, लाओस या देशांत मात्र मुख्य नियम निराळा आहे. ज्याचा अर्ज आधी, त्याचा मार्का. तुम्ही वीस वर्षे तो मार्का भंडाऱ्यात चालवला असेल, पण जकार्तातल्या एखाद्या दुकानदाराने काल अर्ज दिला आणि तुम्ही आज पोहोचलात, तर कायद्याच्या दारात तो पुढे आणि तुम्ही मागे. त्याने बेइमानीने अर्ज केला, असे सिद्ध करून नोंद रद्द करता येते. पण ते सिद्ध करायला वकील लागतो, तर्जुमे लागतात, वर्षे लागतात.

मोठमोठ्यांचीही गत

हे फक्त लहान व्यापाऱ्याच्या नशिबी येते असे नाही. पिएर कार्दां हे फ्रान्समधले कपड्यांचे जगप्रसिद्ध नाव. इंडोनेशियात ते एका स्थानिक व्यापाऱ्याच्या नावावर १९७७ सालापासून नोंदलेले होते. फ्रेंच बाजूने जकार्ताच्या कोर्टात दावा लावला, भांडण तिथल्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले, तरी स्थानिक मालकाचीच नोंद कायम राहिली.

दुसरा दाखला आयकिया या स्वीडनच्या फर्निचर कंपनीचा. तिने इंडोनेशियात नोंदणी केलेली होती. पण सलग तीन वर्षे त्या वर्गातल्या मालावर मार्क्याचा वापर झाला नाही, असा मुद्दा सुराबायाच्या एका वेताच्या फर्निचरवाल्या कंपनीने काढला. २०१५ साली तिथल्या सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला आणि फर्निचर व घरसामानाच्या वर्गांतली आयकियाची नोंद गेली. म्हणजे नोंद करून कागद तिजोरीत ठेवला तरी भागत नाही, त्या देशात माल विकतही राहावे लागते. इंडोनेशियात ही तीन वर्षांची मुदत २०२४ साली तिथल्या घटना-न्यायालयाने पाच वर्षे केली. सिंगापूर आणि व्हिएतनामात मुदत पाच वर्षे, मलेशिया आणि थायलंडमध्ये तीन वर्षे आहे.

तिसरा दाखला मलेशियाचा. क्वालालंपूरमध्ये १९९९ साली हिंदुस्थानी वंशाच्या मालकांनी 'मॅककरी' नावाचे हॉटेल काढले. मॅकडोनाल्ड्सने २००१ मध्ये दावा लावला. २००६ मध्ये कंपनी जिंकली. २००९ मध्ये अपील कोर्टाने निकाल फिरवला आणि त्याच वर्षी फेडरल कोर्टाने कंपनीला पुढे अपिलाची परवानगी नाकारली. करी आणि रोटी विकणाऱ्या हॉटेलात शिरणारे गिऱ्हाईक ते बर्गरवाल्याचे दुकान समजून शिरत नाही, असे ठरले. नावात थोडे साम्य आहे एवढ्यावर दावा टिकत नाही. गिऱ्हाईक फसते हे दाखवावे लागते. दुनियेतल्या सर्वांत मोठ्या हॉटेल कंपनीला आठ वर्षे लढून हे कळले.

आणि परदेशी कायद्याला दोष देण्याआधी आपल्या घरातही पाहावे. टोयोटा कंपनीने 'प्रियस' ही मोटार १९९७ मध्ये जपानात आणली. इथे एका दिल्लीच्या स्पेअर पार्टवाल्याने ते नाव आधी वापरून नोंदवले. डिसेंबर २०१७ मध्ये आपल्या सुप्रीम कोर्टाने सांगितले की, त्या काळी हिंदुस्थानच्या बाजारात टोयोटाच्या त्या मार्क्याची पत होती याचा पुरेसा पुरावा नाही, सबब टोयोटाचा दावा टिकत नाही. जो नियम आपण टोयोटाला लावला तोच जकार्ता आणि बँकॉकवाले आपल्याला लावतात. मार्क्याचा हक्क देशागणिक वेगळा असतो. हे एक वाक्य ध्यानात राहिले तरी या लेखाचे काम झाले.

कोणत्या देशात काय

मलेशिया आणि सिंगापूर इथे इंग्रजी अमलातला जुना कायदा मुरलेला आहे. म्हणून तिथे आधीच्या वापरालाही वजन आहे आणि नोंदणी नसताना दावा लावता येतो. मलेशियाने २०१९ मध्ये नवा ट्रेडमार्क कायदा केला आणि तो त्याच वर्षी २७ डिसेंबरपासून लागू झाला. तरीही पुराव्याचे ओझे आपल्या डोक्यावर असते, म्हणून नोंदणी बरी.

फिलिपीन्समध्ये अर्ज दिल्यापासून तीन वर्षांच्या आत माल तिथे विकला जात असल्याचे प्रतिज्ञापत्र पुराव्यासह द्यावे लागते. ते चुकले की अर्ज बाद होतो. कंबोडियात नोंदणीला पाच वर्षे झाल्यावर पुढच्या एका वर्षात तसेच प्रतिज्ञापत्र मागतात. या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात, कारण वकील आठवण करून देईल या भरवशावर राहणे धोक्याचे आहे.

म्यानमारचा, म्हणजे जुन्या ब्रह्मदेशाचा, किस्सा निराळा. रंगूनच्या बाजारात आपल्याकडच्या कापड व्यापाऱ्यांचे जुने संबंध. तिथे पूर्वी ट्रेडमार्कचा स्वतंत्र कायदाच नव्हता. मालकीचे प्रतिज्ञापत्र दस्त म्हणून नोंदवायचे आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यायची, अशी रीत होती. २०१९ चा नवा कायदा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाला आणि तिथेही पहिल्या अर्जदाराचा नियम आला. जुन्या दस्ताने आपोआप हक्क मिळत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. ज्यांच्या घरात रंगूनचे जुने कागद असतील त्यांनी हे लक्षात घ्यावे.

नोंदणीची मुदत या बहुतेक देशांत दहा वर्षे आहे, आणि दर दहा वर्षांनी फी भरून ती वाढवता येते.

अर्जाची वाट

पहिले काम घरचे. आपला मार्का आधी हिंदुस्थानात नोंदवावा. महाराष्ट्रासाठी कार्यालय मुंबईला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो. एका व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी ऑनलाइन फी ४,५०० रुपये आहे, इतरांना ९,००० रुपये. छोट्या उद्योगाची सवलत घ्यायची तर उद्यम नोंदणीचा कागद जोडावा लागतो. वर्ग म्हणजे मालाचा प्रकार. सूत २३ मध्ये, थान आणि चादरी २४ मध्ये, साडी, लुंगी व तयार कपडे २५ मध्ये, स्वयंपाकाची भांडी २१ मध्ये, तांदूळ ३० मध्ये, बिडी ३४ मध्ये. थानासाठी नोंद केली आणि धंदा लुंगीचा असेल तर नोंद कामाची नाही. हे वर्ग जगभर जवळपास सारखेच असल्याने पहिल्या वेळी नीट निवडले की पुढेही तेच चालतात.

दुसरे काम तारखेचे. हिंदुस्थान डिसेंबर १९९८ मध्ये पॅरिस करारात सामील झाला. त्यामुळे इथे अर्ज दिल्यापासून सहा महिन्यांच्या आत परदेशात अर्ज केला तर बहुतेक देश आपली इथलीच तारीख धरतात. पहिल्या अर्जदाराचा नियम असलेल्या देशात ही सहा महिन्यांची सवलत सोन्याच्या मोलाची आहे. भंडाऱ्यात बसून दिलेल्या अर्जाची तारीख जकार्तात लागू होते आणि मधल्या काळात तिथे दुसऱ्याने दिलेला अर्ज मागे पडतो.

तिसरे काम परदेशी अर्जाचे. त्याच्या दोन वाटा आहेत. एक, प्रत्येक देशात तिथला वकील धरून वेगळा अर्ज. दोन, माद्रिद व्यवस्था. हिंदुस्थान ८ जुलै २०१३ पासून या व्यवस्थेत आहे. एकच अर्ज आपल्या इथल्या कार्यालयामार्फत जिनिव्हाच्या जागतिक संस्थेकडे जातो आणि तिथून निवडलेल्या देशांकडे. आग्नेय आशियातले सिंगापूर, व्हिएतनाम, फिलिपीन्स, कंबोडिया, लाओस, ब्रुनेई, थायलंड, इंडोनेशिया आणि मलेशिया हे नऊ देश या व्यवस्थेत आहेत. थायलंड २०१७ मध्ये, इंडोनेशिया २०१८ मध्ये आणि मलेशिया २०१९ च्या अखेरीस आला, म्हणून जुन्या माहितीवर चालणारे सल्लागार अजून या देशांसाठी वेगळे अर्ज सुचवतात. म्यानमारसाठी मात्र वेगळाच अर्ज करावा लागतो.

माद्रिदची मूळ फी ६५३ स्विस फ्रँक, मार्का रंगीत असेल तर ९०३. त्यावर प्रत्येक देशाची फी वेगळी. इथल्या कार्यालयाची हाताळणी फीही वेगळी. एकच देश हवा असेल तर थेट वकील धरणे स्वस्त पडू शकते. तीन-चार देश असतील तर माद्रिदचा हिशेब जमतो. दोन्हीचा आकडा मागवून मग ठरवावे.

माद्रिदच्या वाटेवर दोन खाचखळगे आहेत. पहिला असा की, पहिली पाच वर्षे परदेशातली सारी नोंद आपल्या इथल्या अर्जाला टांगलेली असते. इथला अर्ज नामंजूर झाला किंवा कोणी रद्द करवला तर तिकडची माळच तुटते. म्हणून इथला मार्का भक्कम असावा. दुसरा असा की, प्रत्येक देश आपल्या कायद्याने तपासणी करतो आणि बारा किंवा अठरा महिन्यांच्या मुदतीत नकार कळवू शकतो. नकार आला की तिथला वकील धरावाच लागतो. त्यासाठी थोडी रक्कम आधीच बाजूला ठेवावी.

एक इशारा इथेच देतो. परदेशी अर्ज जाहीर झाला की व्यापाऱ्याच्या पत्त्यावर सरकारी दिसणारी बिले येऊ लागतात. अमुक रजिस्टरमध्ये नाव घालतो, इतके युरो पाठवा, असा मजकूर असतो. जिनिव्हाच्या संस्थेनेच अशा फसव्या बिलांबद्दल लोकांना सावध केले आहे. वकिलाला दाखवल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये.

नाव निवडताना

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. उर्दू अक्षरांतला मार्का मलेशियात जावी लिपी वाचणाऱ्याला काहीसा ओळखीचा वाटतो, हा आपला फायदा आहे. पण कायद्याला तेवढे पुरत नाही. नाव रोमन लिपीत कसे उच्चारतात आणि त्याचा अर्थ काय हे अर्जात द्यावे लागते. आम्ही सुचवू की नाव रोमनमध्ये वेगळे आणि चित्रासह वेगळे नोंदवावे. खर्च वाढतो, पण नकल करणारा चित्र बदलून नाव ठेवतो किंवा नाव बदलून चित्र ठेवतो, आणि दोन्ही वेळा अडकतो.

पवित्र स्थळांची आणि ग्रंथांची नावे मार्का म्हणून ठेवण्याची आपल्याकडे आवड आहे. मतलब नेक असतो, पण व्यापाराच्या दृष्टीने ही नावे कच्ची. 'रामायण' या नावाच्या अगरबत्तीच्या खटल्यात आपल्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये सांगितले की, पवित्र ग्रंथाच्या नावावर कोणा एकाला मालकी मागता येत नाही. तोच न्याय इतर धर्मांच्या नावांनाही लागेल. इंडोनेशियाच्या कायद्यातही धर्म आणि सभ्यतेला बाधा आणणारे मार्के नाकारण्याची तरतूद आहे. शिवाय असे नाव आधीच दहाजण वापरत असतात, तेव्हा आपला माल वेगळा ओळखू येणार कसा? पांढऱ्यावर लाल चंद्रकोर तर मुळीच वापरू नये. ते रेड क्रेसेंटचे चिन्ह आहे आणि हिंदुस्थानात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याला व्यापारात बंदी आहे.

एजंटाच्या हाती दोरी

परदेशी व्यापारात सर्वांत जास्त मार्के चोर नेत नाहीत, एजंट नेतात. समजा, भंडाऱ्याचा एक व्यापारी मलेशियातल्या एजंटामार्फत दुपट्टे विकतो. एजंट म्हणतो, तुम्ही कशाला त्रास घेता, इथली नोंदणी मी करून टाकतो. तो ती स्वतःच्या नावाने करतो. तीन वर्षे धंदा उत्तम चालतो. मग व्यापारी भाव वाढवून मागतो किंवा दुसरा एजंट शोधतो. त्या दिवशी पहिला एजंट सर्टिफिकेट काढतो आणि म्हणतो, या मार्क्याचा माल आता इथे माझ्या परवानगीशिवाय उतरणार नाही. माल आपला, नाव आपले, आणि तोच माल त्या देशात बेकायदा.

पॅरिस करारात अशा एजंटाविरुद्ध तरतूद आहे. मालकाच्या परवानगीवाचून एजंटाने केलेली नोंद रद्द करवता येते. पण परवानगी नव्हती हे दाखवायला करारपत्र हवे. तोंडी बोलीवर चालणारा आपला व्यापार इथे अडकतो. म्हणून पहिला नमुना पाठवण्याआधी दोन पानांचा करार करावा. मार्का आमचा आहे, एजंटाला फक्त विक्रीचा हक्क आहे, तो स्वतःच्या नावाने नोंद करणार नाही, आणि संबंध संपला की चिठ्ठ्या, बोर्ड, ऑनलाइन पान सारे बंद करील, एवढे त्यात असावे. सख्ख्या भावाशी व्यवहार असला तरी लिहून ठेवावे. लिहून ठेवण्याने नाते तुटत नाही, टिकते.

कारागिराचे नाव

आतापर्यंतचे बोलणे व्यापाऱ्याच्या मार्क्याचे झाले. आता विणकराच्या हक्काकडे येऊ. मोहाडी, आंधळगाव, पवनी या बाजूचा कोसा आणि त्याची करवत काठी साडी हे भंडाऱ्याचे खरे धन. जंगलातल्या ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर ढीवर समाज कोसे वाढवतो, त्याचे सूत निघते आणि कोष्टी विणकर हातमागावर तीन धोट्यांनी काठ आणि अंग जोडत विणतात. काठावर करवतीच्या दात्यांसारखी नक्षी उठते. या साडी-कापडाला विदर्भाच्या नावाने भौगोलिक निर्देशांक, म्हणजे जीआय, मिळालेला आहे. 'भंडारा चिन्नोर' तांदळाला तो २०२३ मध्ये मिळाला.

जीआय हा एका व्यापाऱ्याचा मार्का नसून साऱ्या मुलखाचा असतो. पण त्यालाही देशाची हद्द आहे. जीआय दुसऱ्या देशांत पोहोचवणारा लिस्बनचा करार हिंदुस्थानाने केलेला नाही, म्हणून प्रत्येक देशात वेगळी नोंद करावी लागते. थायलंडच्या लाम्फून गावच्या ब्रोकेड रेशमाने हे केले. त्या रेशमाचा जीआय आपल्या चेन्नईच्या कार्यालयात परदेशी माल म्हणून नोंदलेला आहे. लाम्फूनचे विणकर आपल्या बाजारात येण्याआधी दाराला कडी लावून आले. आपल्या करवत काठीसाठी बँकॉकला किंवा क्वालालंपूरला अशी कडी लावण्याचे काम संस्थांनी आणि सरकारने मनावर घ्यायला हवे. एकट्या विणकराच्या आवाक्यातले ते नाही.

हे न केल्यास काय होते याचा जुना दाखला आहे. चेन्नईच्या उत्तरेला पुलिकत नावाचे बंदर आहे. तिथून चौकड्यांचे कापड शेकडो वर्षे मलय मुलखात गेले. आज मलेशियात मशिदीत जाताना नेसायच्या चौकडीच्या लुंगीला 'काइन पलिकत' म्हणतात. गावाचे नाव मालाचे नाव होऊन बसले. ते कापड कुठेही विणले तरी पलिकतच. त्या नावावर आता कोणाचाही हक्क सांगता येणार नाही आणि पुलिकतच्या विणकराला त्यातून एक पैसा मिळत नाही. 'कोसा' आणि 'करवत' या शब्दांचे उद्या असेच झाले तर मागावर पाठ मोडून विणणाऱ्याच्या साडीला आणि यंत्रावर छापलेल्या नकलेला एकच नाव राहील. भाव मग नकलेचा लागेल.

जीआयची दुसरी मर्यादाही समजून घ्यावी. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून जीआय आहे. पण कंपनीने कोल्हापुरी हे नावच वापरले नव्हते, आणि जीआय मुख्यतः नावाचे रक्षण करतो. बाहेरच्या लोकांनी जनहित याचिका केली. मुंबई हायकोर्टाने जुलै २०२५ मध्ये ती फेटाळली, कारण याचिका करणारे त्या जीआयचे मालक नव्हते. दावा करायचा तर नोंदणीकृत मालकाने किंवा नोंदलेल्या वापरकर्त्याने करावा लागतो.

म्हणून विणकर बांधवांना आमचे सांगणे आहे की, अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव जीआयच्या यादीत घालून घ्यावे. २०२० मध्ये या अर्जाची फी ५०० रुपयांवरून १० रुपये करण्यात आली. दहा रुपयांत कायदेशीर हक्क मिळतो. यादीत नाव नसलेला विणकर नकलेविरुद्ध आपल्या नावाने दाद मागू शकत नाही. सोबत केंद्रीय रेशीम मंडळाच्या संस्थेचा २००४ चा सिल्क मार्क आणि २००६ चा हँडलूम मार्क लावावा. हे मार्के माल असली रेशमाचा आणि हातमागाचा आहे एवढे सांगतात. परदेशी गिऱ्हाईकाला तेवढाही भरवसा पुष्कळ असतो.

नकल पकडल्यावर

नोंदणी झाल्यावर खरी कसोटी लागते. परदेशात आपला नकली माल दिसला तर प्रथम तो विकत घ्यावा, पक्के बिल घ्यावे, फोटो काढावेत, दुकानाचा पत्ता आणि तारीख लिहावी. भांडण करू नये. विक्रेता सावध झाला की माल रातोरात गायब होतो.

मग देश पाहून वाट धरावी. मलेशियात देशांतर्गत व्यापार मंत्रालयाचे अधिकारी नोंदणीकृत मालकाच्या तक्रारीवर छापा घालतात. व्हिएतनाममध्ये बाजार-तपासणी खात्याची प्रशासकीय कारवाई कोर्टापेक्षा लवकर होते. थायलंडमध्ये बौद्धिक संपदेसाठी १९९७ पासून वेगळे केंद्रीय कोर्ट आहे. इंडोनेशियात ट्रेडमार्कचे दिवाणी दावे कमर्शियल कोर्टात चालतात, आणि फौजदारी कारवाई मालकाने स्वतः तक्रार दिल्यावरच सुरू होते. कोणत्याही देशात पहिला प्रश्न एकच असतो: तुमच्या नोंदणीचा इथला क्रमांक काय? ऑनलाइन विक्रीच्या मोठ्या बाजारांतही तक्रारीच्या अर्जात हाच रकाना पहिला असतो. तो रिकामा असेल तर पुढचे सारे बोलणे खुंटते.

प्रत्येक नकलेमागे कोर्टात धावण्यात शहाणपण नाही. वकिलाच्या एका कडक पत्राने पुष्कळ लहान दुकानदार माल उतरवतात. खर्च आणि नुकसान यांचा हिशेब मांडावा, आणि जो नकली माल बनवतो त्याच्या मागे लागावे.

आता कामाला लागावे

शेवटी थोडक्यात सांगतो. ज्यांचा माल अजून बाहेर गेलेला नाही त्यांना संधी मोठी आहे, कारण त्यांचे नाव अजून कोणी घेतलेले नाही. मार्क्याचा आधी फुकट शोध घ्यावा. आपल्या कार्यालयाच्या आणि जिनिव्हाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो घरबसल्या घेता येतो. मग इथे अर्ज, सहा महिन्यांत परदेशी अर्ज, एजंटाशी लेखी करार, आणि त्यानंतरच नमुने. हा क्रम उलटा करू नये. परदेशी विक्रीची प्रत्येक पावती, बिल्टी, जहाजाचा कागद आणि मार्क्याच्या चिठ्ठीचा नमुना सालवार जपून ठेवावा. वापराचा पुरावा मागितला की हाच गठ्ठा कामाला येतो.

सल्ल्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समध्ये केंद्र सरकारची राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. या विषयाचे प्रशिक्षण तिथे मिळते, आणि भंडाऱ्याहून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी घरी परततो. दुकानातल्या शिकलेल्या मुलांना तिथे पाठवावे. आणि जे एकट्याला परवडत नाही ते पाच-दहा व्यापाऱ्यांनी मिळून करावे. एकत्र वकील धरला तर भाव कमी लागतो, एवढे तर कापडाच्या बाजारात वाढलेल्या माणसाला कळतेच.